फर्मीन मास्तरांचा खरं बोलणारा काटा

ग्रिसेलच्या लग्नाचा केक तिच्या आत्याने घेतला, अंगठ्या शाळेतल्या हेडबाईंनी घेतल्या, बँड नवऱ्या मुलाच्या मामाने घेतला, आणि राहता राहिली गाडी. आमच्या ला पास शहरात लग्न एकट्या बापाच्या जिवावर होत नाही. प्रत्येक गोष्टीला एक पाद्रिनो लागतो, तो ती गोष्ट आपल्या अंगावर घेतो, आणि मग त्या गोष्टीबद्दल लग्नभर आणि पुढे जन्मभर बोलायचा हक्क त्याला मिळतो. यादी वाचून संपली तेव्हा फर्मीन मास्तरांचा मेहुणा वाल्दो ग्लास घेऊन उभा राहिला. वाल्दो उभा राहिला की मास्तरांना बसल्या जागी कमीपणा वाटायला लागतो, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

"गाडीचा पाद्रिनो मी," वाल्दो म्हणाला. "माझी नवी जीप. कातड्याच्या सीटा, छताला काच. भाची राणीसारखी उतरेल."

"गाडी आहे," मास्तर म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

मास्तरांची गाडी म्हणजे एकोणऐंशी सालचं गोल पाठीचं कासव. इथे त्या गाड्यांना सगळे कासवच म्हणतात, आणि चढावर ते नाव अगदी शोभून दिसतं. इंजिन ठणठणीत होतं. खोट होती ती पेट्रोलच्या काट्यात. तो काटा उतारावर टाकी भरल्याचं सांगायचा, चढावर रिकामी झाल्याचं सांगायचा, आणि या गावात सपाट रस्ता शोधायला वेगळी गाडी करून जावं लागतं. काट्यावर विश्वास ठेवून मास्तर वर्षात दोनदा रस्त्यात अडकले होते. दोन्ही वेळा वाल्दोने जीपने ओढून आणलं, आणि दुसऱ्या वेळचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर त्यांच्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा हसरा चेहरा पाठवला होता.

"मी पापाबरोबर जाणार," ग्रिसेल म्हणाली.

मास्तरांची बायको सुलेमा ही घरातली शेवटची सही. ती म्हणाली, "जा की. पण माझी मुलगी पांढऱ्या झग्यात भर रस्त्यात उभी राहिलेली मला चालणार नाही. पेट्रोल मिळायची आधीच मारामार. लग्नाच्या आदल्या शनिवारपर्यंत फर्मीनचा काटा खरं बोलायला लागला तर कासव. नाहीतर वाल्दोची जीप. विषय संपला."

मास्तरांना जीपचा राग नव्हता. म्हणजे होता, पण तो मुद्दा नव्हता. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी ग्रिसेल नवऱ्याबरोबर तारिहाला जाणार होती, कायमची. घर पाहुण्यांनी भरलेलं, न्हाणीघरापाशीसुद्धा रांग. पोरीशी दोन शब्द बोलायचे तर मिराफ्लोरेसच्या घरापासून ओब्राखेसच्या चर्चपर्यंतची वीस मिनिटं तेवढी उरली होती. जीपमध्ये वाल्दो चालवणार, वाल्दोच बोलणार. कासवात दोघंच. ही वीस मिनिटं मास्तरांना हवी होती, आणि हे कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटत होती.

शाळेत सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला पेट्रोलचा काटा म्हणजे काय मोठं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी एक मायक्रोकंट्रोलर आणला. नखाएवढा तुकडा, पण हिशेबाला पक्का. टाकीतल्या तरंगणाऱ्या बोंडूकडून तो खबर घेणार, चढउताराची सरासरी काढणार आणि छोट्या पडद्यावर चक्क लिटर लिहून दाखवणार. जेवणाच्या टेबलावर मोबाइलच्या चार्जरवर जोडल्याबरोबर तो चालला. मास्तरांनी सुलेमाला हाक मारून दाखवला.

"हे टेबल आहे," सुलेमा म्हणाली. "गाडी खाली आहे."

इथेच सगळी गोम होती. घरातली वीज साळसूद, गाडीतली उनाड. चावी फिरवली की स्टार्टर बॅटरीतली सगळी वीज एका घोटात पितो, तेवढ्यात आपल्या नखाएवढ्या पठ्ठ्याला चक्कर येते. शुद्धीवर आला की सगळं विसरलेला असतो. हॉर्न दाबला तर त्याहून वाईट. कासवाच्या चाळीस लिटरच्या टाकीत पडदा अठ्ठ्याऐंशी लिटर दाखवायला लागला. आणि आमच्याकडे नवरीची गाडी घरापासून चर्चपर्यंत एकसारखा हॉर्न वाजवत नेतात. मुकाट्याने नेली तर लोक विचारतात, पोरीला पळवून आणली का.

बरं, विसरला तर विसरला, पुन्हा शिकवू म्हणावं, तर तेही सोपं नव्हतं. त्याला शिकवायचं म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मोजून एकेक लिटर ओतत दर वेळी बोंडू कुठे आहे ते सांगायचं. मास्तरांनी पाण्याचे पाच पाच लिटरचे कॅन घेतले, नळीने पेट्रोल काढलं आणि कॅन गॅलरीत ओळीने मांडले. पहिल्या आठवड्यात हे चार वेळा झालं.

पंपांपुढे तीन तीन गल्ल्या लांब रांगा लागलेल्या, आणि एक शिक्षक गॅलरीत पेट्रोलचे कॅन लावून बसलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सकाळी हळूच दार वाजवून म्हणाल्या, "मास्तर, मी कुणाला सांगणार नाही. दोनच लिटर द्या." मास्तरांनी आपण पेट्रोल विकत नाही असं सांगितलं. बाई समजूतदारपणे हसल्या आणि संध्याकाळी परत आल्या, या वेळी बरोबर बहीण होती.

मग तळमजल्यावरचे मेजर उरिओना यांनी इमारतीची सभा बोलावली. मेजर निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण इमारतीला ते कळू दिलेलं नाही. सभेत विषय एकच होता, वरच्या मजल्यावरचा स्फोटक साठा. मास्तरांनी फळा असता तर बरं झालं असतं असं म्हणत पंधरा मिनिटं बोंडूचं तत्त्व समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर मेजर म्हणाले, "म्हणजे तुम्ही गाडीतलं पेट्रोल काढता आणि परत गाडीतच ओतता."

"मोजून ओततो."

"मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?"

ठराव झाला की डब्यात पेट्रोल ठेवायचं तर सरकारी परवाना आणावा. मास्तर इंधनाच्या कार्यालयात गेले. तिथे आधी पिवळं फोल्डर लागतं, त्याला पत्र्याची पट्टी लागते, नसेल तर दारातली बाई विकते, मग आत अर्जाकडे बघतात. अर्जात हेतू या रकान्यात मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मोजणे'.

"पंपावरून डब्यात घेण्याचा परवाना आहे," खिडकीतला माणूस म्हणाला. "शेतकरी, पिठाची गिरणी, होडीवाले. गाडीतून डब्यात काढण्याचा अर्ज नाही."

"मग मी काय करू?"

"गाडीतच ठेवा."

"गाडीत ठेवलं तर मोजता येत नाही."

त्या माणसाने जरा विचार केला. मनाने वाईट नव्हता. "गाडीला काटा असतो की," तो म्हणाला.

मास्तर फोल्डर घेऊन घरी आले. फोल्डर पिवळंच होतं, मास्तरांचा चेहरा तेवढा पांढरा पडला होता. पण मेजरांना फोल्डर दाखवल्यावर त्यांचं समाधान झालं. आत काय आहे ते त्यांनी उघडून पाहिलं नाही. पट्टी असलेल्या फोल्डरवर लष्कराचा विश्वास असतो.

आता मेजर मास्तरांच्या बाजूचे झाले, आणि हे जास्त महाग पडलं. ते रोज अंगणात येऊन कासवाभोवती हात मागे बांधून फिरायचे. एका दुपारी म्हणाले, "तुमचा आल्टर्नेटर वीज बरोबर करतो का ते तपासलंत? आम्ही छावणीत एक साधी युक्ती करायचो. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची तार काढायची. इंजिन चालत राहिलं की आल्टर्नेटर उत्तम."

फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण सल्ला देणारा सल्ला देऊन बाजूला होत नाही, उभा राहून बघतो, तेव्हा माणसाची बुद्धी गहाण पडते. मास्तरांनी तार काढली. इंजिन चालत राहिलं. बॅटरीत जाणारी सगळी वीज बॅटरी नाही म्हटल्यावर दुसरीकडे घुसली, आणि पडद्यावर एक सुंदर निळी ठिणगी दिसली. मग धूर आला.

"आल्टर्नेटर उत्तम," मेजर म्हणाले.

वाल्दोपर्यंत ही बातमी जेवणाआधी पोचली. त्याने फोन केला. "दाजी, सोडा हो हट्ट. कासवाला सजवून घरापुढे उभं करू, फोटोला छान दिसेल." मास्तर फोन ठेवून बराच वेळ न्हाणीघरात बसून राहिले. बाहेर रांग लागली होती, पण त्यांना बाहेर यावंसं वाटेना. शनिवार दहा दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेले. तिथे दोन्या प्रिमितिवा यांचं एवढंसं दुकान आहे. घेरदार पोयेरा घागरा, डोक्यावर तिरकी हॅट, मांडीवर विणकाम, आणि मागे डब्या डब्यांतून सगळ्या जगाचे सुटे भाग. या बाईंकडून मास्तर आधीही वस्तू न्यायचे, पण तोंडावर गिऱ्हाइकी रुबाब ठेवून, कारण आपण फिजिक्सवाले. आज रुबाब आणायला त्राण नव्हतं. जळलेला तुकडा त्यांनी बाईंच्या पुढे ठेवला.

बाईंनी तो नाकाशी नेऊन वास घेतला. "गाडीत लावला होता."

"हो."

"आणि मध्ये काहीच नाही? तार थेट?"

"पाच व्होल्ट करणारा भाग होता की. पुस्तकात दिलेला. तरी हॉर्न दाबला की अठ्ठ्याऐंशी लिटर दाखवायचा."

"पुस्तक टेबलावर लिहितात, कासेरो." इथे नेहमीच्या गिऱ्हाइकाला कासेरो म्हणतात, मायेने. पण त्या दिवशी मास्तरांना ते छडीसारखं लागलं. "माझ्या तिन्ही भावांच्या मिनीबस आहेत. गाडीतली वीज म्हणजे आमच्या वस्तीतलं नळाचं पाणी. कधी धो धो, कधी थेंब नाही, आणि मध्येच गढूळ. घरात तुम्ही काय करता? नळाला तोंड लावता का?"

"टाकीत साठवतो."

"मग इथेही तेच करा. आधी हा फ्यूज, म्हणजे घर जळणार नाही. मग हा डायोड. पाणी आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. त्याच्यामागे हा मोठा कपॅसिटर, ही तुमची टाकी. स्टार्टर सगळं पाणी पिऊन गेला तरी तुमचं पोरगं टाकीतलं पाणी पीत बसेल. एवढं केल्यावर मग तुमचा पुस्तकातला भाग. आणि पोराला सांगून ठेवा, पाणी कमी पडायला लागलं की वहीत काही लिहायचं नाही, गप झोपायचं. अर्धवट शुद्धीत लिहितो म्हणून अठ्ठ्याऐंशी लिहितो."

सव्वीस वर्षांत मास्तरांनी हा धडा इतका चांगला शिकवला नव्हता. त्यांनी मान खाली घालून सगळं कागदावर उतरवून घेतलं. निघताना, इथे कुणीही मागतो तसं, त्यांनी विचारलं, "यापा काय देता?" भाजी घ्या की डायोड, खरेदीवर वर काहीतरी मिळालंच पाहिजे. बाईंनी एका डबीतून दोन पायांचा काळा तुकडा काढून पुडीत टाकला.

"हा द्वारपाल. फ्यूजच्या लगेच मागे बसवा. वीज अंगावर धावून आली की तो आडवा पडतो आणि तिला जमिनीत घालवतो. कुणी तुम्हाला चालू गाडीची तार काढायला लावली तर."

मास्तरांनी तार काढल्याचं बाईंना सांगितलं नव्हतं. वासावरूनच त्यांना कळलं असावं.

तीन दिवसांत नवा सरंजाम तयार झाला. चावी फिरवली, पडदा हलला नाही. हॉर्न दाबला, लिटर तेवढेच. मास्तरांनी अंगणात सात मिनिटं हॉर्न वाजवला आणि इमारतीतून कुणीही ओरडलं नाही, कारण मेजरांनी सगळ्यांना खिडक्या लावून बसायला सांगितलं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. वर जाऊन त्यांनी सुलेमाचा हात धरून तिला खाली आणलं.

"झालं?" ती म्हणाली. "मग चाल्या केलीस का?"

आमच्याकडे नवी वस्तू कोरडी सुरू करत नाहीत. घर असो, गाडी असो, शिलाईचं मशीन असो, धरणीमातेला तिचा घोट द्यावा लागतो, रंगीत कागद उधळावे लागतात, मग ती वस्तू राबते. मास्तर एरवी अशा गोष्टींवर वर्गात दोन विनोद करणारे. पण माणूस सुटला की त्याला कुणाचे तरी आभार मानायचे असतात. त्यांनी स्वतः बिअर आणली, दोन घोट जमिनीवर सांडले, दोन चाकांवर, आणि भरल्या मनाने म्हणाले, "खरी मेहनत तर याची." उरलेली बाटली त्यांनी उघड्या सर्किटवर ओतली.

विज्ञान काय सांगतं ते त्यांना माहीत होतं. शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही. बिअर शुद्ध पाणी नसते.

पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. सुलेमा आणि मेजर एकाच वेळी गप्प बसल्याची इमारतीच्या इतिहासात दुसरी नोंद नाही.

दुकानात हे ऐकून दोन्या प्रिमितिवा मात्र हसता हसता विणकाम विसरल्या. हॅट सावरत म्हणाल्या, "चाल्या केलीत ते योग्यच केलंत, कासेरो. पण पावसात जेवणाच्या डब्यालासुद्धा आपण झाकण लावतो ना?" त्यांनी सगळं सामान पुन्हा बांधून दिलं आणि वर यापा म्हणून रबराच्या पट्टीचं घट्ट झाकण असलेली पेटी दिली. तारा आत जायच्या भोकांना काय लावायचं तेही सांगितलं.

शनिवारी सुलेमाने स्वतः परीक्षा घेतली. मास्तर शेजारी, चाक तिच्या हातात. तिने दहा वेळा इंजिन बंद केलं आणि दहा वेळा सुरू केलं. अख्ख्या उतारावर हॉर्न दाबून धरला, कुत्री मागे लागली. घरी आल्यावर तिने बादलीभर पाणी पेटीवर ओतलं आणि मास्तरांना टाकी रिकामी करून मोजायला लावली. पडद्यावर सात पूर्णांक दोन, कॅनमध्ये सात पूर्णांक दोन. मास्तर तिच्याकडे असे बघत उभे होते जशी त्यांच्या वर्गातली मुलं निकालाच्या दिवशी त्यांच्याकडे बघतात.

"बरं," सुलेमा म्हणाली. "वाल्दोला मीच सांगते."

तरी लग्नाच्या आठवड्यात सगळे पंप कोरडे पडले. लग्नाच्या सकाळी कासवात सहा लिटर होते. वाल्दो दारातच उभा होता. "दाजी, सहा लिटरवर कुणी नवरी नेतं का? माझी टाकी गच्च आहे. अजूनही विचार करा."

सुलेमाने मास्तरांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "सहा म्हणजे खरंच सहा?"

"खरंच सहा," मास्तर म्हणाले. आपण आयुष्यात इतक्या खात्रीने काही बोललो नव्हतो, हे त्यांना बोलताना जाणवलं.

ग्रिसेल झगा गोळा करून पुढच्या सीटवर बसली. झग्याचा अर्धा घेर गिअरवर आला, तो तिने मांडीवर ओढून धरला. कासव हॉर्न वाजवत निघालं. पहिली पाच मिनिटं हॉर्नमुळे कुणालाच काही बोलता आलं नाही. मग खालच्या रस्त्यावर मोर्चा आडवा आला, फटाके, फलक, सगळं. पोलिसाने हात केला, वरच्या वस्तीतून वळसा घ्या. एरवी त्या चढाचं नाव ऐकून मास्तरांनी गाडी तिथेच उभी केली असती. आज त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाच पूर्णांक चार. चढावर पाच पूर्णांक एक. खोटं नाही, भीती नाही, नुसता आकडा. मास्तरांचे खांदे खाली आले. किती महिने ते वर होते कोण जाणे. त्यांनी हॉर्नवरचा हात काढला.

"पापा, हॉर्न?"

"राहू दे जरा. तू बोल."

मग ग्रिसेल बोलायला लागली. तारिहाच्या घराला अंगण आहे, तिथे अंजिराचं झाड आहे, सासूला सूप फार आंबट लागतं, आणि काल तिला एकदम वाटलं की कशाला हे लग्न, म्हणून ती गच्चीवर जाऊन रडली. मास्तर म्हणाले, त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तेही गच्चीवर गेले होते. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रिसेल हसली आणि डोळ्यांतलं काजळ पसरू नये म्हणून बोट खाली धरून बसली.

ओब्राखेसचा चौक आला. चर्चच्या पायरीवर सगळे उभे होते, सुलेमा, पाद्री, घामाघूम नवरा, बँडवाले, आणि सगळ्यांच्या पुढे फोन उंच धरलेला वाल्दो. तो जीपने मोर्चाच्या आधीच पोचला होता. बँडने सूर लावला. मास्तरांनी वेग कमी केला आणि पडद्याकडे पाहिलं. चार पूर्णांक तीन.

"किती आहे?" ग्रिसेलने विचारलं.

"चार पूर्णांक तीन. चौकाची एक चक्कर म्हणजे फार तर शंभर मिलिलिटर."

"नक्की ना?"

"नक्की."

मास्तरांनी चाक वळवलं आणि चर्चसमोरून कासव तसंच पुढे निघून गेलं. बँड थांबला. मागून वाल्दोचा आवाज आला, "दाजी, ब्रेक गेले की काय?" कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी मास्तर म्हणाले, "तू गेलीस की ते घर मला फार मोठं होणार आहे गं." ग्रिसेलने झगा सोडून त्यांचा गिअरवरचा हात धरला. दुसऱ्या चक्करीला पाद्रीने घड्याळ दाखवलं, आणि पायरीवरून सुलेमाने त्याचा हात हळूच खाली केला. तिसऱ्या चक्करीला पडद्यावर चार पूर्णांक शून्य होतं. मग मास्तरांनी गाडी थांबवली, उतरून पलीकडे गेले, पोरीसाठी दार उघडलं, आणि चर्चमध्ये नेताना वाटेत वाल्दोला सांगितलं की पेट्रोल अजून भरपूर आहे.